एका झटक्यात

मंगळवारी सकाळी साडेसहाच्या हजेरीला हरेश भोईरचे हात थरथरत होते, आणि ते सुधाकरनं पाहिलं होतं. पुढं पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हीच गोष्ट सांगायला त्याला सगळ्यात जड गेली. दिसलंच नव्हतं असं म्हणायला जागा नव्हती. हरेशला रजिस्टरात सही करता येईना. पेन कागदाला टेकलं की नुसत्या रेघोट्या उमटत. मार्चमधली गार सकाळ, तरी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. खांद्यावर परवान्याची दुनळी बंदूक. सुधाकरनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याच्या नावापुढं स्वतःच सही ठोकली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "तिसरा दिवस ना? हाच अवघड. आजचा काढलास की जिंकलास."

हरेशनं मान हलवली. त्याची नजर सुधाकरच्या खांद्यावरून मागं, भिंतीच्या बुडाशी कशावर तरी खिळली होती. मग तो एजन्सीच्या जीपमध्ये चढला आणि वालीवला ड्यूटीवर गेला.

सुधाकर शेडगे मूळचा साताऱ्याकडचा. हवालदार म्हणून एक्क्याण्णव साली पलटणीतून बाहेर पडला, आचोळ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि वसईतल्या एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर म्हणून लागला. आता दहा वर्षं झाली होती. निवृत्त होऊन येणाऱ्या जवानांना तो कामाला लावायचा, त्यांची पेन्शनची कागदपत्रं करून द्यायचा. आसपासच्या माजी सैनिकांत त्याच्या शब्दाला वजन होतं. हरेश तर त्याच्याच सेक्शनमधला. सत्त्याऐंशी साली दोघं श्रीलंकेत बरोबर होते. सुधाकर सेक्शनचा प्रमुख आणि हरेश बावीस वर्षांचा शिपाई. नायगावच्या पुढं खाडीकाठी हरेशच्या घरची भातशेती. सोळा वर्षांची नोकरी संपवून तो गेल्या वर्षी घरी आला, आणि आल्यापासून रोज पीत होता. लष्कराच्या कॅन्टीनमधून मिळणारी रम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपायची. मग गावठी.

शनिवारी दुपारी त्याची बायको दिपिका आचोळ्याला आली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, पाण्याचा पेला तसाच हातात धरून.

"दादा, हे सांगतात, तुम्हीपन तिकडून आल्यावर खूप प्यायचे. आनि मग सोडली. खरंय ना?"

"खरंय."

"मग यांना सांगा ना, कशी सोडली."

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोची, मीराची, पोळी लाटण्याची लय थांबली, ती सुधाकरला ऐकू आली.

संध्याकाळी तो खाडीकाठी गेला. हरेशच्या आईनं, बायजानं, ओटीवर चटई टाकली. हरेश अजून शुद्धीत होता. सुधाकरनं त्याला समोर बसवून पलटणीतल्या आवाजात सांगितलं, "एका झटक्यात सोडायची. मी तशीच सोडली. बाटली मोरीत ओतली, त्यानंतर हात लावला नाही. औषध नाही, पाणी नाही. आपण फौजी माणसं, हऱ्या. हे मनाचं काम आहे."

बायजा देवापुढचे तांदूळ घेऊन आली. हरेशनं ते मुठीत धरले आणि शब्द दिला. घरात उरलेल्या दोन बाटल्या दिपिकानं तिथंच मागच्या दारी ओतून टाकल्या. निघताना बायजानं सुधाकरच्या पाठीवरून हात फिरवला. "बाबा, तू आमचं घर राखलंस."

घरी आल्यावर मीरानं ताट वाढलं आणि समोर बसली. "तुम्ही त्याला खरं का नाही सांगितलंत?"

"सोडायला लावली ना त्याला? मग झालं."

"तुम्ही महिनाभर होतात तिथं. पहिला आठवडा तुम्हाला कॉटला बांधलं होतं. मी बघायला आले तर मला ओळखत नव्हतात. मोरीत कधी ओतली होती तुम्ही बाटली?"

सुधाकर जेवत राहिला. त्या अठ्ठावीस दिवसांबद्दल इथं मीराखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. श्रीलंकेहून आल्यावर नव्वद साली तो परेडवर कोसळला, आणि मुंबईच्या लष्करी दवाखान्यातल्या मनोविकारांच्या वॉर्डात त्याला दाखल केलं. इंजेक्शनं, गोळ्या, दारावर पहारा. परत आला तेव्हा पलटणीत पोरं त्याच्या पाठीमागं बोटानं कानशिलाशी चक्कर दाखवायची. हरेशची तोवर दुसरीकडं बदली झाली होती, त्याला यातलं काही कळलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यानं कागद टाकले आणि जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी राहायला आला. इथं त्यानं आपली एक वेगळी गोष्ट तयार केली. दहा वर्षं सांगून सांगून ती त्याला स्वतःलाही जवळजवळ खरी वाटू लागली होती.

सोमवारी पहाटे हरेश अंगणात पडला. दिपिकानं गावातल्या बूथवरून एजन्सीत फोन केला. तिचा श्वास लागला होता. "दादा, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. जीभ चावली, रगत आलं. आता उठून बसलेत, पन मना नीट ओळखत नाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाय. दवाखान्यात नेऊ का?"

 लष्करी दवाखान्यातल्या वॉर्डात सुधाकरच्या समोरच्या कॉटवर एक लान्सनायक होता, त्यालाही असाच झटका आला होता. तिथं तीन माणसं धावली होती, डॉक्टर धावला होता. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं. पण दवाखाना म्हटलं की डॉक्टर विचारणार, काय सल्ला दिला, कुणी दिला. आणि मग एकातून एक निघत जाणार.

"शरीर झगडतंय, वहिनी," तो म्हणाला. "लिंबूपाणी द्या. दोन दिवस कळ काढा."

मंगळवारी साडेअकराला एजन्सीतला फोन वाजला. वालीवच्या रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर, भुईगावचा प्लासिड परेरा बोलत होता. आवाज इतका हळू की सुधाकरला दुसरा कान बोटानं बंद करावा लागला.

"शेडगेसाहेब, तुमच्या गार्डनं गेट आतून लावून घेतलंय. कुणाला हलू देत नाही. म्हणतो, उठलात तर समोरून गोळी येईल. पॅकिंगच्या बाया जमिनीवर पालथ्या पडून आहेत. मी वरच्या ऑफिसात आहे."

"कुणाला लागलंय?"

"अजून नाही. पण तो थिनरच्या पिंपांमागं बसलाय. भरलेली पिंपं आहेत. चाळीस."

"पोलिसांना कळवलं?"

"कळवलं. पण आधी तुम्ही या."

स्कूटरवरून वालीवला पोचायला त्याला वीस मिनिटं लागली. वाटेत त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता: शनिवार रात्र, रविवार, सोमवार, मंगळवार. त्याला स्वतःला मुंग्या दिसल्या त्या तिसऱ्याच दिवशी. कॉटच्या दांड्यावरून, सलाइनच्या नळीवरून, सिस्टरच्या पांढऱ्या टोपीवरून चालणाऱ्या. सकाळी हरेश भिंतीच्या बुडाशी काय बघत होता ते त्याला आता कळलं.

गल्लीत शेजारच्या कारखान्यांतली माणसं जमली होती. त्यानं त्यांना कोपऱ्यापर्यंत मागं हटवलं, कुणाच्या हातात बिडी-सिगारेट दिसली तर विझवायला लावली, आणि कुंपणाच्या भिंतीशी एक खोका ठेवून वर चढला. बावन्न वर्षांचं शरीर, उजवा गुडघा दुखरा. भिंतीवर पोट टेकून त्यानं आत पाहिलं. मधलं अंगण रिकामं. डाव्या हाताला पत्र्याच्या शेडखाली निळ्या पिंपांच्या रांगा. उजवीकडं एक रिकामा टेम्पो, त्याच्या पुढं भिंतीला पाण्याचा नळ. समोर कामाचा मोठा हॉल, त्याचं शटर अर्धं खाली आणि त्या फटीत बायकांची डोकी, जमिनीलगत. हरेश दोन पिंपांच्या मधे गुडघ्यावर बसला होता. बंदुकीचं टोक कधी गेटकडं, कधी टेम्पोखाली.

सुधाकर अंगणात उतरला. आपला हुकूम अजून चालतो असं त्याला वाटत होतं. छाती भरून त्यानं परेडच्या आवाजात ओरडून सांगितलं, "शिपाई हरेश भोईर, हत्यार जमीन पर!"

बार झाला.

छर्रे त्याच्यापर्यंत आले नाहीत. वरच्या पत्र्याला भोकं पडली आणि कडेच्या एका पिंपातून थिनरची धार लागली. हॉलमध्ये एक बाई किंचाळली, कुणीतरी तिचं तोंड दाबलं. वास पसरायला वेळ लागला नाही. नाकातून थेट डोळ्यांत जाणारा वास. धार फरशीवरून वाहत हरेशच्या गुडघ्यांपाशी आली आणि त्याची खाकी पँट भिजून काळी पडू लागली. बंदुकीत अजून एक काडतूस होतं. आता आणखी एक बार उडाला असता तर शेडसकट तिथलं काहीच उरलं नसतं.

सुधाकरला आपलंच ओरडणं कानात घुमताना ऐकू येत होतं. जे करायला नको होतं, नेमकं तेच आपण केलं, हे त्याला समजलं. त्यापुढं काय करायचं हे मात्र सुचेना. आणि मग त्याला कुट्टन आठवला.

कुट्टन वॉर्डातला नर्सिंग असिस्टंट होता, काळासावळा, बुटका मल्याळी माणूस. सुधाकर कॉटला बांधलेला असताना तो स्टूल घेऊन शेजारी बसायचा. कधी ओरडला नाही, मुंग्या नाहीत म्हणून कधी हुज्जत घातली नाही. एकसुरी, सपाट आवाजात म्हणायचा, नाम सुधाकर. आज बुधवार. ये अस्पताल. मैं कुट्टन. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्रभर तेच. त्या चार वाक्यांना धरून सुधाकर वर आला होता. अकरा वर्षांत त्यानं कुणाजवळ कुट्टनचं नाव काढलं नव्हतं.

तो होता तिथंच अंगणात मांडी घालून बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, हरेशला दिसतील असे.

"तुझं नाव हरेश," तो हळू म्हणाला. "आज मंगळवार. ही वालीवची रंगाची कंपनी. मी सुधाकर."

बंदुकीचं टोक त्याच्या छातीवर आलं.

"तुझं नाव हरेश. आज मंगळवार. ही वालीवची रंगाची कंपनी. मी सुधाकर."

"उस्ताद, खाली व्हा," हरेश पुटपुटला. पलटणीत तो त्याला उस्तादच म्हणायचा. "झाडीत आहेत ते."

"मी खालीच बसलोय. तुझं नाव हरेश."

"अंगावर काय चढतंय हे?" हरेशनं एका हातानं मानेवरून, दंडावरून काहीतरी झटकलं. दुसऱ्या हाताचं बोट चापावरच होतं, आणि तो हात थांबायचं नाव घेत नव्हता.

"तुला मुंग्या दिसतायत. मला त्या दिसत नाहीत. पण मलाही दिसल्या होत्या, तिसऱ्या दिवशी. दारू एकदम थांबली की दिसतात. औषध दिलं की जातात."

हे बोलताना त्याला वरच्या खिडकीत प्लासिड दिसला. सुधाकरनं मान न हलवता डोळ्यांनीच मागच्या बाजूला खूण केली. प्लासिड खिडकीतून नाहीसा झाला. थोड्या वेळानं शटरच्या फटीतलं एक डोकं मागं सरकलं, मग दुसरं. हॉलच्या मागच्या खिडकीतून प्लासिड एकेकीला बाहेर काढत होता. सुधाकर तीच चार वाक्यं म्हणत राहिला. आठवं डोकं गेलं, नववं गेलं. मग आत कुठंतरी रिकामा डबा पडून गडगडत गेला. हरेश गर्रकन वळला, बंदूक शटरकडं.

"हरेश," सुधाकर म्हणाला. आवाज चढू न देण्यासाठी त्याला सगळी ताकद लावावी लागली. "तो डबा पडला. रंगाचा डबा. मीही ऐकला. तो खराच पडला."

हरेश तसाच राहिला. खांदे वरखाली होत होते. बाहेर पोलिसांची जीप आली, दारं आपटली, गेटच्या पत्र्यावर काठी वाजली. सुधाकरनं एक हात पाठीमागं नेऊन गेटच्या दिशेनं पंजा उघडा धरला. प्लासिडनं बाहेर काढलेल्यांपैकी कुणीतरी गल्लीत पोचून पोलिसांना सांगितलं असावं, कारण काठी थांबली.

"उस्ताद."

"बोल."

"बळीराम पानी मागतोय."

 बळीराम त्यांच्याच सेक्शनमधला शिपाई. ताडाच्या झाडांतून जाणाऱ्या एका पायवाटेवर त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा तो पन्नास पावलं पुढं पडला होता. दुपारपासून अंधार होईपर्यंत तो पाणी मागत होता. हरेशनं बाटली घेऊन दोनदा सरपटायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा सुधाकरनं त्याला पायाला धरून मागं ओढलं. कुणीही हलायचं नाही, हा हुकूम त्याचा होता. समोरची झाडी बंदुकांनी भरलेली होती. अंधार पडल्यावर आवाज थांबला.

"कुठून मागतोय?" सुधाकरनं विचारलं.

"तिथं." हरेशनं हनुवटीनं टेम्पोखाली दाखवलं. "सकाळपासून मागतोय. तुम्ही नाय म्हनालात म्हनून बसलोय."

सुधाकरनं टेम्पोकडं पाहिलं, हरेशकडं पाहिलं. थिनर आता हरेशच्या पोटऱ्यांखालून पलीकडं गेलं होतं. "मलाही ऐकू येतो तो," तो म्हणाला. "चौदा वर्षं. त्यापायीच मी प्यायला लागलो. मी एका झटक्यात सोडली नाही, हरेश. तुला खोटं सांगितलं. मला वेड्यांच्या वॉर्डात ठेवलं होतं, कॉटला बांधलं होतं. डॉक्टरांनी सोडवली माझी. ऐकतोयस?"

हरेश ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. ओठ कोरडे पडून फुटले होते, जिभेवर सोमवारची जखम काळी दिसत होती.

"तेव्हा मी तुला जाऊ दिलं नाही," सुधाकर म्हणाला. "आज जा. त्याला पाणी दे. बंदूक घेऊन पाणी देता येत नाही, ती माझ्याकडं दे. मी इथं बसून लक्ष ठेवतो."

 हॉलमधलं शेवटचं डोकं केव्हाच दिसेनासं झालं होतं. मग हरेश उठला. ओल्या फरशीवर त्याचे पाय घसरत होते. तो सुधाकरपाशी आला आणि पहारा बदलताना देतात तशी दोन्ही हातांनी बंदूक पुढं केली. सुधाकरनं ती घेतली. दुनळी मधून उघडून उरलेलं काडतूस बाहेर काढायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. 

हरेश नळापाशी गेला. तिथल्या मगात पाणी भरलं, अर्धं सांडत टेम्पोपाशी आला, ओणवा होऊन खाली बघत राहिला. एका चाकामागं बघितलं, मग दुसऱ्या. "इथं कोन नाय," तो म्हणाला.

"नाही. कुणी नाही."

हरेशनं हातातला मग तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मग तो टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला, आणि बसल्या बसल्या कलंडला.

सुधाकरनं गेट उघडलं, पोलीस आत आले. फौजदारानं बंदूक ताब्यात घेतली आणि हरेशला जीपमध्ये टाकायला सांगितलं. सुधाकर जीपच्या दारात उभा राहिला. "साहेब, कोठडीत नको. माझ्यावर हवी ती केस लावा. पण आज रात्री याला कोठडीत ठेवलंत तर सकाळी हा नसेल." फौजदार तरुण होता. त्यानं हरेशच्या अंगाला हात लावून बघितला, आणि जीप वसईच्या दवाखान्याकडं वळवली.

डॉक्टर कॅथरिन डाबरे पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी हरेशला पाहिलं, सिस्टरला इंजेक्शनं सांगितली, हात बांधायला मऊ पट्ट्या मागवल्या आणि तपासतानाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"रोज किती प्यायचा?"

"बाटली. कधी जास्त."

"बंद कधी केली?"

"शनिवारी रात्री."

"झटका आला होता?"

"काल पहाटे."

डॉक्टरांचा हात थांबला. "काल पहाटे झटका आला आणि आज हा बंदूक घेऊन कामावर? ज्याला इतकी सवय आहे त्याची दारू अशी एकदम तोडत नाहीत. दवाखान्यात, औषध देऊन, हळूहळू उतरवतात. नाहीतर माणूस मरतो. दारूनं मरायचा तो दारू सोडून मरतो. कुणी सांगितलं याला हे?"

दारात दिपिका उभी होती, तिच्यामागं बायजा. दोघी आत्ताच पोचल्या होत्या. दिपिकाच्या हाताला चुलीची राख तशीच होती. सुधाकरनं त्यांना पाहिलं. क्षणभर त्याच्या मनात आलं, मला ठाऊक नव्हतं म्हणावं. ते कुणालाही पटलं असतं.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "मी स्वतः यातून गेलोय. लष्करी दवाखान्यात होतो, महिनाभर. हे सगळं तिथं पाहिलं होतं. काल हिनं फोन केला तेव्हाही आठवलं होतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

डॉक्टर पुन्हा नाडी धरून घड्याळाकडं बघू लागल्या. बायजा दाराशीच खाली बसली. दिपिका पुढं आली, सुधाकरच्या अगदी समोर.

"मी तुमच्याच दारात का आली होती, दादा?" ती म्हणाली. "गावात सांगनारे कमी होते काय? तुम्ही त्यातून गेलेले म्हनून आली."

 ती सुधाकरच्या बाजूनं पुढं जाऊन हरेशच्या पायांशी उभी राहिली.

दोन रात्री हरेश शुद्धीत नव्हता. ताप एकशेचारपर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं दिपिकाला नावानं हाक मारली आणि भात मागितला. पुढं डॉक्टर डाबरेंच्या चिठ्ठीवर त्याला मुंबईच्या लष्करी दवाखान्यात हलवलं, तिथं तो सात आठवडे राहिला. गोळी झाडल्याची केस झाली, परवाना रद्द झाला, नोकरी गेली. सुधाकरनं फौजदाराला लेखी जबाब दिला: हजेरीवरची सही माझी आहे, तो आजारी आहे हे मला दिसलं होतं. एजन्सीनं त्यालाही काढलं. घरी त्यानं मुलीला, उन्नतीला, समोर बसवून सगळं सांगितलं. ती कॉलेजात होती. बराच वेळ ऐकून तिनं एवढंच विचारलं, "आई तेव्हा एकटीच यायची तुम्हाला बघायला?" आणि उठून मीराजवळ स्वयंपाकघरात गेली.

हरेश घरी आल्यावर सुधाकर दोनदा खाडीकाठी गेला. पहिल्यांदा हरेश मागच्या दारानं शेतावर निघून गेला. दुसऱ्यांदा समोर आला आणि म्हणाला, "तुम्ही खरं बोलला असता तर मी त्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो, उस्ताद. मना वाटलं, तुम्हाला जमलं, मना नाय जमत, म्हंजे मीच नामर्द. त्या तीन दिवसांत हेच वाटत होतं." सुधाकर अंगणातूनच परत फिरला. त्यानंतर तो गेला नाही.

गणपतीत हरेश पुन्हा प्यायला. चार दिवस. या वेळी दिपिकानं कुठली बाटली ओतली नाही की बायजानं तांदूळ काढले नाहीत. दिपिकानं रिक्षा बोलावली आणि त्याला थेट डॉक्टर डाबरेंकडं नेलं. तिथं त्याला औषधावर उतरवलं. आठवडाभरानं तो पुन्हा शेतावर जाऊ लागला. हे सुधाकरला डॉक्टरांकडूनच कळलं, कारण आता तोही महिन्यातून एकदा त्यांना भेटत होता. दारूसाठी नाही. झोप येत नव्हती. त्यांनी त्यालाही मुंबईला पाठवलं.

नोव्हेंबरात एका बुधवारी तो लष्करी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर बाकावर बसला होता. हातात नवा केसपेपर, त्यावर त्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा. बाक भरत चालला तसा कुणीतरी शेजारी येऊन बसलं. हरेश होता. वजन वाढलं होतं, दाढी केलेली. 

"तुम्ही कशाला?" हरेशनं विचारलं.

"बळीरामसाठी."

हरेशनं मान हलवली. आतून एक नाव पुकारलं गेलं, दोघांपैकी कुणाचंच नाही. एक म्हातारा सुभेदार काठी टेकत उठला.

"तो हुकूम बरोबर होता का, उस्ताद? मी गेलो असतो तर वाचला असता तो?"

चौदा वर्षांत सुधाकरनं याची किती उत्तरं तयार केली होती. नियमातली, नकाशावरची, मेलेल्यांची संख्या कमी ठेवण्याची. "माहीत नाही," तो म्हणाला. "बहुतेक तूही गेला असतास. पण माहीत नाही."

 हरेशनं पिशवीतून दिपिकानं बांधून दिलेला डबा काढला, उघडला आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. "आजून तासभर तरी लागंल," तो म्हणाला. "खाऊन घ्या."